गाडीचे रूप, गाडीचे मोल आणि घराची पत

(ज्ञातिमंडळाच्या राहुरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी शिक्षण, विवाह, शेती, शिष्यवृत्ती अशा विषयांवर विचार मांडण्याची प्रथा आहे. यंदा चिटणिसांनी आम्हांस एका मोटारगाडीविषयी बोलण्याची आज्ञा केली, हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु अलीकडे आपल्या समाजात कोणत्याही घरी जावे, तर तरुण मंडळी बैठकीत या एकाच गाडीचा वाद घालीत बसलेली आढळतात. आणि तो वाद गाडीपाशी थांबत नाही. तो घराच्या जमाखर्चात शिरतो आणि पुढे सोयरिकीच्या बोलणीपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून हा विषय आम्ही थट्टेचा मानीत नाही.

गाडी म्हणजे महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीची ‘बीई ६’ ही विजेवर चालणारी एसयूव्ही होय. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नई येथे ती प्रथम लोकांपुढे आली. तिचे मूळ नाव ‘बीई ६ई’ असे होते. परंतु ‘६ई’ ही अक्षरे आपली आहेत असे म्हणून इंडिगो विमान कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये शेवटचे अक्षर गळून ती नुसती ‘बीई ६’ झाली. ती तयार होते आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, चाकण येथे. आरंभी तिची शोरूममधील किंमत १८ लाख ९० हजारांपासून २६ लाख ९० हजारांपर्यंत ठेवण्यात आली होती. घरी बसवावयाचा चार्जर या किमतीत धरलेला नव्हता. लहान चार्जरास ५० हजार व मोठ्यास ७५ हजार रुपये निराळे.

या गाडीविषयी जी मते आमच्या कानी आली, ती प्रथम आपणांपुढे ठेवतो. मग आमचे मत सांगतो.

वडील मंडळींचे मत असे की, ही गाडी नव्हे, मुखवटा आहे. पुढील दिवे वाकड्या कंसाच्या आकाराचे, पाठीकडे उतरत गेलेले छत, अंगावर जागोजागी कडा आणि खाचा, मागील दाराची मूठ अशी दडविलेली की नवख्या पाहुण्यास दार कोठून उघडावे हे समजू नये! आत पाहावे तर चालकाभोवती कमानीसारखी एक पट्टी फिरविलेली, आणि गाडी पुढे-मागे नेण्यासाठी विमानात शोभावा असा दांडा. “बैलगाडीला जू असते, मोटारीला चाक असते, हिला काय आहे?” असा प्रश्न आम्हांस एका वृद्ध गृहस्थांनी केला.

तरुणांचे मत याच्या अगदी उलट. ते म्हणतात, आजवर आपण परक्यांच्या गाड्यांच्या नकला केल्या; आता कोठे एका भारतीय कंपनीने कोणाकडेही न पाहता आपल्या मनासारखे रूप घडविले, तर त्यास नावे का ठेवावीत? १४ फेब्रुवारी २०२५ रोजी या गाडीची व तिच्या ‘एक्सईव्ही ९ई’ या थोरल्या बहिणीची नोंदणी खुली झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी दोहोंची मिळून ३०,१७९ मागणीपत्रे आली. किंमत मोजली तर ८,४७२ कोटी रुपये! लोकांना रूप आवडले नसते, तर हे घडले असते काय, असे ते विचारतात.

तिसरे मत आपल्या भगिनींचे, आणि ते बहुधा कोणी विचारीत नाही. त्या म्हणतात, पुढच्या दोन आसनांवर बसणाऱ्यांचे कौतुक पुरे झाले. मागे कोण बसणार आहे? उतरत्या छतामुळे मागे डोक्यावरची जागा आवळली जाते, बाहेर पाहावयाच्या काचा लहान, आणि लग्नकार्याला निघालेली आजी, दोन सुना आणि मुले याच बाकावर बसावयाची असतात. आमच्या मते या सर्व चर्चेत हा आक्षेप सर्वांत शहाणपणाचा आहे. कारण तो गाडी पाहणाऱ्याचा नसून गाडीत बसणाऱ्याचा आहे.

आता रूपाचा प्रश्न आधी घेऊ. आमचे स्पष्ट मत असे आहे की, रूपावरून निर्णय देण्याची घाई वृद्धांनीही करू नये आणि तरुणांनीही करू नये. याला आपल्या महाराष्ट्रातच दाखले आहेत. आज जी जीप आपणांस रुबाबदार वाटते, तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून झाला. सपाट पत्रा, चौकोनी अंग, उघडी चाके; सौंदर्याचा विचार तिच्या कर्त्यांच्या मनास शिवलाही नव्हता. याच महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे ती जीप खेडोपाडी पोहोचली. कामाला येता येता ती डोळ्यांनाही आवडू लागली. रूप आधी आणि उपयोग मागून, असे तेथे झाले नाही.

दुसरा दाखला पुण्याच्या टेल्कोचा. १९९१ साली त्या कंपनीने ‘सिएरा’ नावाची गाडी काढली. तिला दारे तीनच. मागील बाजूस छतापर्यंत वळत गेलेली मोठी बंद काच. मागे बसावयाचे तर पुढचे आसन वाकवून आत शिरावे लागे. वातानुकूलन, विजेवर वरखाली होणाऱ्या काचा हे प्रकार त्या काळी अपूर्वाईचे होते, आणि किंमतही सामान्य संसारी माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. लोक थांबून तिच्याकडे पाहत. पण विकत घेणारे थोडे. पुढे १९९४ साली त्याच कारखान्यातून ‘सुमो’ निघाली. कंपनीचे धुरीण सुमंत मूळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिचे नामकरण झाले होते. सुमोला रूप म्हणावे तर पेटीचे. पण दहा माणसे बसत, खराब रस्ता सोसे, आणि गावातला मेस्तरी ती दुरुस्त करू शके. खेड्यापाड्यांनी सुमोला आपले म्हटले. सिएरा बंद पडली.

येथपर्यंत ऐकून वृद्ध मंडळी समाधानाने मान डोलावतील. पण गोष्ट येथे संपत नाही. जिला त्या काळी गिऱ्हाईक मिळाले नाही, त्या सिएराची आठवण लोकांच्या मनातून गेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने तेच नाव नव्या गाडीला देऊन ती पुन्हा बाजारात आणली. आरंभीची किंमत ११ लाख ४९ हजार. परंतु या वेळी दारे तीनाची पाच झाली, आणि ती प्रसिद्ध वळती काच आता केवळ सूचित केलेली आहे. आजींना मागे बसता येईल अशी तरतूद करण्यास चौतीस वर्षे लागली! यातून एवढेच शिकावयाचे की, रूपाचा निवाडा काळ करतो. आज विचित्र वाटणारे उद्या देखणे वाटेल, आणि आजचे देखणे उद्या हास्यास्पदही ठरेल. म्हणून बीई ६ हिला कुरूप म्हणून हसणे आम्हांस मान्य नाही. शिवाय तिचे उतरते छत ही केवळ लहर नव्हे. विजेच्या गाडीला वाऱ्याचा विरोध जितका कमी, तितकी एका भरणीत मजल अधिक. ज्या वळणाने आजींचे डोके छताला लागू पाहते, तेच वळण बॅटरीची वीज वाचविते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणती आपल्या घराला महत्त्वाची, ते घराने ठरवावे.

रूपाचा निवाडा काळावर सोडता येतो. किमतीचा सोडता येत नाही. तो आजच, कागद-पेन्सिल घेऊन करावा लागतो.

या गाडीच्या बाजूने बोलणारे सांगतात की, विजेच्या गाड्यांवर सरकार फक्त ५ टक्के वस्तू व सेवा कर घेते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंधनाच्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. हे खरे आहे. पण मग असा प्रश्न येतो की, सरकारने इतकी सवलत देऊनही गाडी २० लाखांच्या घरात का? उत्तर तिच्या तळाशी आहे. ७९ युनिट वीज साठविणारी बॅटरी हाच तिच्यातील महागडा भाग होय. इंधनाच्या गाडीत आपण डिझेलचे पैसे दररोज थोडे थोडे देतो. या गाडीत ते पुष्कळसे आरंभीच देऊन टाकतो. म्हणून ती महाग की स्वस्त, हे शोरूममध्ये ठरत नाही. ती वर्षाला किती धावणार यावर ठरते.

हिशोब मांडून पाहू. कंपनी मोठ्या बॅटरीवर ६८३ किलोमीटर सांगते. तो आकडा चाचणीतील आहे. रस्त्यावर ४५० धरू. वीज युनिटला १० रुपये धरली, तर किलोमीटरला पावणेदोन रुपये पडतात. डिझेलची गाडी लिटरला १३ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर किलोमीटरला सुमारे ७ रुपये. म्हणजे किलोमीटरमागे सव्वापाच रुपयांची बचत. आता ज्याची गाडी वर्षाला १० हजार किलोमीटर धावते, त्याचे साडेबावन्न हजार वाचले. पण साधी गाडी १५ लाखांची आणि ही २७ लाखांची, तर मधले १२ लाख भरून येण्यास बावीस-तेवीस वर्षे लागतील. तोपर्यंत गाडी राहील काय आणि बॅटरी राहील काय! उलट ज्याला व्यवसायानिमित्त वर्षाला ४० हजार किलोमीटर हिंडावे लागते, त्याचे तेच १२ लाख सहा वर्षांत वसूल होतील. गाडी तीच, किंमत तीच. एकाला परवडली, दुसऱ्याला बुडवून गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी नोंदणी करणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांनी सर्वांत महागडा प्रकार मागितला. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने ‘बॅटमॅन’ या परदेशी चित्रकथेतील नायकाच्या नावाने एक काळी आवृत्ती काढली. किंमत २७ लाख ७९ हजार. ३०० गाड्या काढावयाच्या होत्या, त्या ९९९ केल्या, आणि त्या सर्व १३५ सेकंदांत खपल्या. एवढ्या अवधीत कागद-पेन्सिल हाती घेणेही कठीण! ज्यांच्यापाशी पैसा आहे, त्यांच्या हौसेवर आम्ही बोलणारे कोण? ज्यांच्यापाशी तो नाही, ते जेव्हा त्यांच्यामागून धावू लागतात, तेव्हा मात्र ज्ञातिमंडळाने बोलले पाहिजे.

आपल्या राहुरी तालुक्याचेच उदाहरण घ्या. मुळा धरणाच्या पाण्याने आपल्याकडे ऊस आला, उसाने पैसा आला. परंतु शेतीचा पैसा हा ऋतूचा पैसा आहे. गाळप झाल्यावर बिल येते, तेही केव्हा एकरकमी, केव्हा तुकड्यातुकड्याने. बँकेचा हप्ता मात्र ऋतू जाणत नाही. तो दर महिन्याच्या ठरल्या तारखेस दारात उभा असतो. २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता ३२ हजारांच्या वर जातो. सात वर्षांत २७ लाख फेडावे लागतात. त्यांतले ७ लाख केवळ व्याज. वर्षाच्या हप्त्यांची बेरीज होते ३ लाख ८६ हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला उसाचा दर टनाला ३,५५० रुपये ठरविला. या दराने वर्षाला १०९ टन ऊस नुसता गाडीच्या हप्त्यापायी घालावा लागेल. एकरी ४० टन धरले तर पावणेतीन एकरांचे सगळे पीक. तोडणी-वाहतूक त्यातून वजा जाते. बियाणे, खत, पाणी आणि मजुरी निराळी. पावणेतीन एकर ज्याच्या एकूण जमिनीचा लहान तुकडा आहे, त्याने खुशाल घ्यावी. ज्याची सारी जमीनच तेवढी आहे, त्याने शोरूमची पायरी चढण्यापूर्वी बांधावर उभे राहून एकदा आपल्या शेताकडे पाहावे.

आणखी एक व्यवहाराची बाब. ही गाडी घरच्या लहान चार्जरवर पूर्ण भरावयास सुमारे बारा तास लागतात. त्यासाठी घराचा मंजूर वीजभार पुष्कळदा वाढवून घ्यावा लागतो. मोठ्या चार्जरला थ्री-फेज जोडणी हवी. ज्या वस्तीवर रात्री वीज केव्हा येते आणि केव्हा जाते याचा नेम नाही, तेथे हा विचार गाडीच्या रंगाआधी व्हावयास हवा. आणि रस्त्याचे म्हणाल तर आपला नगर-मनमाड रस्ता गेल्या काही वर्षांत खड्ड्यांसाठी किती गाजला, हे येथे कोणास सांगावयास नको. या गाडीचे पोट जमिनीपासून २०७ मिलिमीटर उंच आहे, ही तिच्या जमेची बाजू. पण खड्डा गाडीची किंमत विचारून टायर फोडीत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगर येथे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथे लष्करी वाहने पारखली जातात. त्या पारखणीत दिव्यांचा आकार कोणी विचारीत नाही. चढ चढते काय, भार वाहते काय, थांबवावयाची तेथे थांबते काय, हे पाहतात. न्यायाने सांगावयाचे तर बीई ६ हिनेही सुरक्षिततेच्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत पाच तारे मिळविले आहेत, आणि ही तिची खरी शोभा आहे. आपण आपल्या घरी गाडी पारखताना हीच रीत ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे.

बंधुभगिनींनो, आता ज्यासाठी आम्ही हा सारा प्रपंच मांडला, त्या गोष्टीकडे वळतो.

गाडी महाग असणे हा दोष कंपनीचा नव्हे. तिने आपली वस्तू विकावी हा तिचा धर्मच आहे. दोष तेथे सुरू होतो, जेथे गाडीला आपण माणसाचे मोजमाप करतो. अलीकडे वधूवर-परिचयाच्या टिपणांत ‘चारचाकी आहे’ असे आवर्जून लिहिले जाऊ लागले आहे. पुढे कोणती चारचाकी, असे विचारले जाते. त्याही पुढे बोलणी मिटतेवेळी कोणी तरी हसत हसत म्हणतो, “आमचे काही मागणे नाही, मुलाला तेवढी हौस आहे.” ही ‘हौस’ म्हणजे हुंडाच होय; तिने केवळ नवे कपडे घातले आहेत. हुंड्यास बंदी करणारा कायदा १९६१ साली झाला. त्याला सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका तरुण सुनेच्या मृत्यूची वार्ता सबंध महाराष्ट्राने वाचली. लग्नात सोन्याबरोबर लाखो रुपयांची मोटार दिल्याचा उल्लेख त्या वार्तेत होता. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. पण दारात महागडी गाडी उभी केली म्हणून लेक सुखात राहील, ही आईबापांची समजूत किती पोकळ आहे, हे समजण्यास निवाड्याची वाट पाहावयास नको.

आमच्या माहितीत एका पित्याने मुलीच्या लग्नात अशीच गाडी द्यावयाची म्हणून विहिरीजवळचे रान विकले. गाडी आली, मांडवाच्या दारात हार घालून उभी राहिली, पाहुण्यांनी तिच्याजवळ छायाचित्रे काढली. दोन वर्षांत गाडीची किंमत पुष्कळ उतरली. विकलेल्या रानाची चढली. धाकट्या मुलाचे शिक्षण मात्र तेथेच अडले. त्या मुलाने आपल्या मंडळाकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, आणि मंडळाने ती दिली. म्हणजे शेवटी त्या गाडीचा एक हप्ता आपण सर्वांनी मिळून भरला! हे ऐकून आपणांपैकी कोणास हसू आले असेल, तर त्याने त्या पित्याच्या जागी स्वतःस ठेवून पाहावे.

म्हणून आम्ही मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, आपल्या वधूवर-परिचय पुस्तिकेतून वाहनाचा उल्लेख काढून टाकावा. शिक्षण, आरोग्य, उद्योग आणि स्वभाव यांची माहिती पुरेशी आहे. दुसरी, आपल्या ज्ञातीच्या विवाहात मांडवाच्या दारात गाडी सजवून देण्याघेण्याचा प्रकार दोन्ही पक्षांनी बंद करावा, आणि असा प्रकार जेथे होईल तेथे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी सत्कार स्वीकारू नये. तिसरी, राहुरीसारख्या, कृषी विद्यापीठ असलेल्या गावात हिशोब जाणणाऱ्यांचा तुटवडा नाही. मंडळाने वर्षातून एक दिवस नेमून, कोणासही मोठे कर्ज काढावयाचे असेल तर त्याला जाणत्या सभासदांचा सल्ला विनामूल्य मिळेल अशी सोय करावी. त्यात गुप्तता पाळली जावी. कर्ज नाकारण्यासाठी हा सल्ला नव्हे. कर्ज डोळे उघडे ठेवून काढले जावे यासाठी तो आहे.

तरुणांना आम्ही निराळे सांगतो. तुम्हांस ही गाडी आवडते, यात लाजण्यासारखे काही नाही. चाकणच्या कारखान्यात आपल्या माणसांच्या हातांनी असे धाडसी काही घडावे, याचा अभिमान आम्हांसही वाटतो. पण तिच्यावर प्रेम करण्याचा एकच मार्ग ती विकत घेणे हा नव्हे. ती कोणी रेखाटली, तिची बॅटरी कशी काम करते, तिच्या यंत्राला सूचना देणारी प्रणाली कोण लिहितो, हे शिका. आपल्या ज्ञातीतील एखादा मुलगा वा मुलगी उद्या अशी गाडी घडविणाऱ्यांच्या पंक्तीत बसली, तर तिचा फोटो आपण या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापू. गाडी घेणाऱ्याचा फोटो छापावयास शोरूमवाले आहेतच.

वडील मंडळींना एकच विनंती. मुलगा गाडीची गोष्ट काढील, तेव्हा तिच्या रूपावर हसून विषय तोडू नका. थट्टेने दुखावलेला मुलगा हट्टाने कर्ज काढतो. त्याच्याजवळ बसा, कागद मागवा, आणि त्यालाच हिशोब करावयास सांगा. मागील बाकावर कोण बसणार, हे घरातील स्त्रियांना विचारा. एवढे करूनही गाडी घ्यावयाची असे ठरले, तर नारळ फोडावयास आम्हांसही बोलवा; आम्ही आनंदाने येऊ आणि त्या लपलेल्या मुठीने मागचे दार उघडावयास शिकू.

 मांडलेल्या सूचनांचा विचार आजच्याच सभेत व्हावा, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.